आता तर चालू आहे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक आयुष्यभर एकच वाक्य ऐकवत असतात. मघाशी बंद होती हो, आता तर चालू आहे. सहा वर्षं मी हे ऐकलं, आणि सहा वर्षं म्हणणाऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तो दुपारचा जेवून आडवा झाला होता आणि त्याला लिफ्ट बंद पडल्याचं स्वप्न पडलं. गेल्या वर्षी माझं हृदय बिघडलं. तेही असंच बिघडलं. डॉक्टरसमोर नेलं की चालू.

बिघाड म्हणजे काय, तर वाकून बुटाची लेस बांधायची, उठायचं, आणि उठता उठता छातीत कोणीतरी बटण दाबल्यासारखी धडधड सुरू. हळूहळू वाढणं नाही, आगाऊ सूचना नाही. एका क्षणी सत्तर ठोके, पुढच्या क्षणी मोजता येत नाहीत इतके. मानेची शीर शर्टाची कॉलर उडवते. तोंडाला कोरड पडते, पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात, आणि समोरचा माणूस बोलत असेल तर तो शेजारच्या घरातून बोलतोय असं वाटतं. मग वीस-पंचवीस मिनिटांत जसं आलं तसंच एका क्षणात बंद. मी बिनलेसचे बूट घेऊन पाहिले. त्या आठवड्यात धडधड दात घासताना आली.

हे घरापुरतं होतं तोवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण एकदा ते कामावर आलं. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वर-खाली करते त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या तळाच्या खड्ड्यात मी पाना उचलायला वाकलो आणि उठलो तो भिंतीला टेकूनच. जोडीदाराने मला बाहेर ओढलं, पाणी पाजलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या काळजीपोटी साहेबांना सगळं सांगून टाकलं. काळजी हा प्रकार मला तेव्हापासून फारसा आवडत नाही.

आमच्या साहेबांना ऑफिसात मागून सगळे ब्रेक म्हणतात, कारण चालू असलेली कुठलीही गोष्ट ते दोन इंचांत थांबवतात. त्यांनी मला त्याच मिनिटाला शाफ्टमधून काढून तक्रारींच्या फोनवर बसवलं. म्हणाले, काय झालंय आणि त्यावर काय केलं ते लिहिलेला कागद आण, नाहीतर काहीच झालेलं नाही असं लिहिलेला कागद आण. तीन महिने थांबतो. मग साइटवर तुझ्या जागी दुसरा माणूस घेणार आणि तू फोनवर कायम. 'कायम' हा शब्द त्यांनी बढती दिल्यासारखा उच्चारला.

मला शाफ्टचं काम आवडतं. हे सांगायला जरा लाज वाटते, कारण ग्रीसने काळे झालेले हात आपल्याला आवडतात असं कुणी कबूल करत नाही. पण तिथे वरून उजेडाची एक पट्टी येते, दोरांचा बारीक आवाज असतो, आणि महत्त्वाचं म्हणजे कुणी आपल्याशी बोलत नाही. फोनवर बसलं की सगळे आपल्याशीच बोलतात.

तेव्हा कागद आणायला मी इस्पितळात जाऊ लागलो.

हृदयाचा विभाग चौथ्या मजल्यावर असावा हे ज्याने ठरवलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. तिथे जाणारी लिफ्ट दुसऱ्या मजल्यापाशी किंचित अडखळायची, चालता चालता कुणाचं तरी नाव आठवल्यासारखी. ती आमच्या कंपनीची नव्हती, त्यामुळे मला तिला हात लावायचा अधिकार नव्हता, पण तोंड होतंच. मी लिफ्टमनकाकांना म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर दाराच्या कुलपात काहीतरी ढिलं झालंय, एक दिवस अडकेल. काका स्टुलावर बसून किल्ल्यांचा जुडगा मोजत होते. म्हणाले, आता तर चालू आहे.

मग मी त्यांना व्याख्यान दिलं. माझं हे व्याख्यान सगळ्या इमारतींच्या सगळ्या वॉचमननी ऐकलेलं आहे. लिफ्ट अडकली की तुम्ही लोक काय करता, वर मशीनरूममध्ये जाऊन मेन स्विच बंद करून चालू करता. लिफ्ट सुरू होते, तुमचा जीव भांड्यात पडतो. पण पॅनेलवर बिघाडाचा जो नंबर आलेला असतो तो पुसला जातो. मग आम्ही येतो आणि धडधाकट लिफ्टकडे बघून परत जातो. हात लावायचा नाही. फोन करायचा आणि मिस्त्री येईपर्यंत गप्प बसायचं. काकांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, नेहमीसारखं या कानाने आत आणि त्या कानाने बाहेर.

डॉक्टर भले होते. प्रत्येक वेळी माझा ईसीजी काढत, पट्टी उजेडाकडे धरून बघत आणि हळहळल्यासारखं म्हणत, सुंदर आहे. मी म्हणायचो, मग काही झालेलं नाही असं लिहून द्या. ते म्हणायचे, तसं कसं लिहू, आत्ता या घडीला नॉर्मल आहे एवढंच लिहू शकतो. ते घेऊन मी ब्रेककडे गेलो. ब्रेकने 'आत्ता या घडीला' खाली लाल रेघ मारली आणि विचारलं, शाफ्टमध्ये उतरशील तेव्हा घड्याळात ही घडी असेल का?

मग डॉक्टरांनी चोवीस तास ठोके नोंदवणारी एक डबी बांधली. छातीवर पाच चिकटपट्ट्या, कमरेला डबी. त्या चोवीस तासांत मी तीस वेळा लेस बांधली. जिने चढलो, तीन कप कडक कॉफी प्यालो, आईला मुद्दाम माझ्या लग्नाचा विषय काढायला लावला. तिने तो आनंदाने दोन तास चालवला. हृदय ढिम्म. दुसऱ्या दिवशी डबी परत केली आणि इस्पितळाच्या पायऱ्यांवर चप्पल नीट करायला वाकलो तर धडधड सुरू. परत वर पळत गेलो तर डबी दुसऱ्या पेशंटला बांधून झालेली होती. तो माणूस माझ्याकडे, मी त्याची बायको पळवल्यासारखा बघत होता. ईसीजीची खोली जेवणासाठी बंद. मी पाणी प्यायच्या नळाखाली डोकं धरून बसलो, धडधड थांबली, मग खोली उघडली, आणि ईसीजी सुंदर आला.

आईचं मत असं की मी वेळेवर जेवत नाही म्हणून हे होतं. मतावर न थांबता तिने व्यवस्थाही केली होती. धडधड आली की बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं आणि श्वास कोंडून पोटात जोर द्यायचा, हा उपाय आत्याने फार पूर्वी कुठून तरी आणलेला. आत्यालाही तरुणपणी असलंच काहीतरी व्हायचं. तेव्हा फ्रीजरमधला एक ट्रे माझ्या हृदयासाठी राखीव होता. त्यातला बर्फ सरबताला घेतला तर आई ओरडायची. धडधड आली की आई पातेलं भरायची, मी त्यात तोंड घालायचो, बहुतेक वेळा चार-पाच मिनिटांत काम व्हायचं. मग मी केस पुसून, शर्ट बदलून, शहाण्यासारखा इस्पितळात जायचो.

हे सगळं मी इतकं सरळ सांगतोय, म्हणजे ऐकणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. अडीच महिने आलं नाही.

अडीच महिन्यांनी एका दुपारी तक्रारींच्या फोनवर एक वॉचमन होता. लिफ्ट दर दोन दिवसांनी अडकते आणि आमचा माणूस येऊन काही नाही म्हणून जातो, अशी त्याची कुरकुर. मी विचारलं, अडकल्यावर तुम्ही काय करता. तो अभिमानाने म्हणाला, मी लगेच मेन बंद-चालू करतो, पाच मिनिटांत सुरू होते, मग तुम्हाला फोन करतो. माझा पारा चढला. मी म्हणालो, अहो, तुम्ही आधीच बंद-चालू करून ठेवल्यावर आमच्या माणसाने येऊन काय बघायचं, तुमचं तोंड?

आणि तिथेच थांबलो. पलीकडून वॉचमन हॅलो हॅलो करत होता. माझ्या डोळ्यांसमोर स्टीलचं पातेलं आलं. त्यात माझं तोंड होतं.

मी फोन ठेवून कपाळाला हात लावून बसलो. एवढा वेळ बसलो की ब्रेकने येऊन विचारलं, पुन्हा आलं का? मी म्हटलं, नाही साहेब, आत्ता गेलं.

संध्याकाळी डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. अडीच महिन्यांत त्यांनी मला चहा-कॉफी, झोप, सिगारेट, घरातले आजार, सगळं विचारलं होतं. धडधड आल्यावर मी काय करतो हे विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण मला तो उपचार वाटतच नव्हता. पाय मुरगळल्यावर माणूस पाय चोळतो, तसं. ते म्हणाले, उपाय चांगलाच आहे, आम्हीही साधारण हेच शिकवतो. पण पुढच्या वेळी करू नका. पाणी नाही, श्वास कोंडणं नाही, जोर लावणं नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबू नका, जवळच्या डॉक्टरकडे जा. नाहीतर जसे असाल तसे इकडे या. मी विचारलं, किती वेळात. ते म्हणाले, ते थांबायच्या आत.

मुदतीला बारा दिवस राहिले होते. अर्थातच धडधड अकरा दिवस आली नाही. मी दिवसातून चाळीस वेळा लेस बांधत होतो. ऑफिसात लोकांना वाटायला लागलं की मी कुणाची तरी माफी मागतोय.

बाराव्या दिवशी सकाळी, मी लेस बांधत नसताना, खुर्चीवर बसून नुसतं वर्तमानपत्र वाचत असताना ती आली. मी इतका खूश झालो की आईला आधी मला लॉटरी लागली असं वाटलं, मग कॉलर उडताना बघून तिने पातेलं घेतलं. मी म्हटलं, पातेलं ठेव, टॅक्सी बोलाव. टॅक्सीत आई माझ्या मनगटाला धरून बसली होती आणि तिच्या पिशवीत बर्फाच्या पाण्याची बाटली होती, असू दे म्हणून. हसायचं नाही, खोकायचं नाही, जोर लावायचा नाही असं ठरवून मी अंड्यांचा ट्रे नेल्यासारखा स्वतःला नेत होतो. ड्रायव्हरने विचारलं, काय झालंय. आई म्हणाली, त्याला बरं वाटू नये म्हणून घाई आहे.

इस्पितळात पोचलो तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. आई जिन्याने निघाली. ती लिफ्टने कधीच जात नाही, कारण मी काय काम करतो हे तिला जवळून माहीत आहे. मी लिफ्टमध्ये शिरलो. आत एक वयस्कर गृहस्थ होते, हातात झाकण लावलेली नमुन्याची बाटली, तीन मजले वर नेण्यापुरती जपून धरलेली. दार लागलं. दुसऱ्या मजल्यापाशी लिफ्ट नेहमीसारखी अडखळली, जरा पुढे गेली, आणि तिसऱ्याच्या थोडी खालीच थांबली.

एवढ्या बाबतीत आपलं बरोबर निघाल्याचा आनंद व्हावा की काय ते ठरत नव्हतं.

गृहस्थ म्हणाले, बंद पडली. मी म्हटलं, हो, दाराचं कुलूप. त्यांनी माझ्या कॉलरकडे पाहिलं. कॉलर उडत होती. ते एक पाऊल मागे सरकले आणि बाटली छातीशी धरली.

घंटा वाजवल्यावर काकांनी तिसऱ्या मजल्यावरून किल्लीने दार उघडलं. लिफ्ट पोचली नव्हती, त्यामुळे वर मजल्याची फरशी माझ्या छातीपर्यंत आणि तिच्यावर जेमतेम दीड हात फट. फटीतून काकांचं तोंड दिसलं.

"मिस्त्री, तुम्हीच का?"

"काका, वर जा आणि मेन बंद करून चालू करा. पटकन."

काका मान हलवायला लागले. हात लावणार नाही म्हणाले. कंपनीला फोन केलाय, तासा-दीड तासात माणूस येतो.

"काका, मी सांगतोय ना."

"तुम्हीच सांगितलंत, हात लावायचा नाही म्हणून. मी भिंतीवर लिहून ठेवलंय."

सहा वर्षांत माझं व्याख्यान एका माणसाने मनावर घेतलं होतं, आणि तो हा होता.

तेवढ्यात आई जिन्याने तिसऱ्यापर्यंत येऊन पोचली होती. तिने काकांना बाजूला करून फटीत वाकून माझ्याकडे पाहिलं. सतरा मिनिटं. मला बाहेर चढता आलं असतं. हातावर भार टाकून वर घ्यायचं, असं मी शंभरदा केलंय. पण त्याला जोर लागतो, आणि जोर लावला की हे थांबणार. आणि मेन बंद-चालू केला तरी लिफ्ट आधी आपण कुठे आहोत हे शोधायला सावकाश तळमजल्याला जाते, मग पुन्हा वर येते. तोवर माझं हृदय शहाणं झालेलं असणार. मुदत उद्या सकाळी. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि डोळे मिटले. वैताग एवढा आला होता की त्यानेच धडधड थांबेल अशी भीती वाटली.

मग मी आईला म्हटलं, चौथ्यावर जा, ईसीजीवाल्या बाईंना मशीन घेऊन खाली बोलाव. चाकांचं नाही, हातात धरायचं बॅटरीचं आहे ते. आणि काकांना म्हटलं, बाईंचे हात या फटीतून आत येणार, लिफ्ट हलता कामा नये. मेन बंद करावाच लागेल. पण आधी पॅनेलवरचा नंबर लिहून घ्या. काका म्हणाले, म्हणजे नंबर लिहिला की बंद केलं तर चालतं? मी म्हटलं, चालतं. ते म्हणाले, मग त्या दिवशी हे सांगितलं नाहीत. मी म्हटलं, त्या दिवशी माझा तुमच्या अक्षरावर विश्वास नव्हता. काका नाक फुगवून वर गेले. थोड्या वेळाने लिफ्टमधला दिवा गेला, म्हणजे मेन बंद झाला. फटीतून येणारी उजेडाची पट्टी तेवढी राहिली.

बाई आल्या त्या कपाळावर आठ्या घेऊनच. असल्या ठिकाणी ईसीजी काढायची पद्धत नाही, पेशंटने पलंगावर झोपायचं असतं. आईने त्यांना काय सांगितलं होतं देव जाणे, पण बोलता बोलता त्या फरशीवर पालथ्या झाल्या आणि मला शर्ट काढायला सांगितलं. वायरी फटीतून खाली आल्या. छातीवर सहा, दंडांवर दोन. पायांपर्यंत वायर पोचेना, म्हणून शेवटच्या दोन कमरेवर. गृहस्थांनी एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात वायरींचा गुंता धरला आणि आपण या सगळ्यात कसे आलो याची त्यांना आठवण होईना असा चेहरा केला.

"हलू नका," बाई म्हणाल्या.

"मी हलत नाहीये, ते आतलं आहे."

आईचं तोंड बाईंच्या खांद्यावरून दिसत होतं. इतके दिवस धडधड आली की ती पातेलं भरायच्या गडबडीत असायची. नुसतं उभं राहून तिने ते कधी पाहिलं नव्हतं. आता उजेडाच्या पट्टीत माझी उघडी छाती होती आणि बरगड्यांच्या मध्ये ते उडत होतं, कातडीखाली उंदीर अडकल्यासारखं. आईने पिशवीतून बाटली काढली.

"बस झालं तुझं. कागदासाठी जीव देणार आहेस का?"

"आई, दोन मिनिटं."

"वीस मिनिटं झाली."

"म्हणूनच. आत्ता टाकलंस तर सगळं फुकट गेलं. पुन्हा कधी येईल ते माहीत नाही."

ती झाकण काढलेली बाटली हातात धरून उभी राहिली. माझी आई दूध उतू जाईपर्यंतसुद्धा कधी थांबत नाही, आधीच गॅस बंद करते. ती थांबली. मशीन सुरू झालं, कागद फरशीवर सरकायला लागला, बाईंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या आणि त्या हलकेच म्हणाल्या, एकशे शहाण्णव. मग म्हणाल्या, मिळालं.

'मिळालं' मधला ल पुरा व्हायच्या आत आईने बाटली उपडी केली. बर्फाचं पाणी माझ्या डोक्यावर, तोंडावर, वायरींवर आणि थोडं गृहस्थांवर. माझा श्वास कोंडला. छातीत एक मोठा ठोका, मग काहीच नाही, एवढा वेळ काहीच नाही की मी मनात म्हटलं, झालं. मग एक साधा, आळशी ठोका पडला. त्यानंतर दुसरा.

बाई आईला बरंच काही बोलल्या. पण मशीन बंद करायला त्या विसरल्या होत्या, आणि ते सगळं कागदावर उतरत होतं.

आता जोर लावायला हरकत नव्हती, मी हातांवर भार टाकून फटीतून वर चढलो. डॉक्टरांनी ती ओली पट्टी टेबलावर पसरली आणि पहिल्यांदाच मनापासून म्हणाले, सुंदर. धडधड सापडली यापेक्षा ती बंद होताना सापडली याचा त्यांना जास्त आनंद होता. त्यावरून दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. त्यांनी चित्र काढून दाखवलं. हृदयात वीज जायचा एक रस्ता असतो, माझ्यात जन्मापासून एक जास्तीचा आहे, आणि कधीकधी वीज एकातून जाऊन दुसऱ्यातून परत येते आणि गोल गोल फिरत बसते. मी म्हटलं, कुणीतरी फालतू वायर सोडलीय. ते म्हणाले, तसंच समजा.

उपाय तीन होते. एक, काही न करता आल्यावर थांबवायचं, पातेलं आहेच. दोन, रोज गोळी, त्याने येणं कमी होईल, पण अंग जड वाटेल आणि उभं राहताना गरगरू शकेल. तीन, मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेऊन तो जास्तीचा रस्ता जाळून टाकायचा. बहुतेकांचं कायमचं संपतं. थोड्यांचं पुन्हा येतं. फारच थोड्यांच्या बाबतीत खरा रस्ताही भाजतो आणि मग ठोके देणारं यंत्र छातीत बसवावं लागतं. निर्णय तुमचा आहे, घाई नाही, म्हणाले.

घाई मला होती. दुसऱ्या दिवशी कागद ब्रेकसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, आणि म्हणाले, आधी तुला काय झालंय ते माहीत नव्हतं म्हणून शाफ्टमध्ये सोडत नव्हतो. आता माहीत आहे, म्हणून सोडू शकत नाही.

मी त्यांच्या टेबलाच्या कडेला धरून उभा राहिलो. पातेलं चालणार नव्हतं, शाफ्टमध्ये पातेलं कुठून आणणार. गोळी चालणार नव्हती, पंधराव्या मजल्याच्या कडेला गरगरणारा माणूस त्यांना नको होता. जाळून घेतलं आणि नंतर तीन महिने काही झालं नाही, तर बघू. मी विचारलं, तोवर माझी जागा? ब्रेकने कागदाला जोडलेल्या पट्टीवरचा पाण्याचा डाग बघितला. हे काय, असं विचारलं. मी सांगितलं, कुठे काढला ते. काका, फट, बाटली, सगळं. ब्रेक हसत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, बिघाडाचा नंबर लिहून घेतला होता का? मी म्हटलं, काकांनी, तळहातावर. बिघाड दुसऱ्या मजल्याच्या कुलपाचाच निघाला. ब्रेक म्हणाले, जागा ठेवतो.

तारीख दोन महिन्यांनी मिळाली. ते दोन महिने मी फोनवर होतो. ऑपरेशनच्या टेबलावर मला पूर्ण झोपवलं नव्हतं. मांडीतून तारा आत गेल्या आणि डॉक्टर ती धडधड सुरू करायला लागले, कारण सुरू झाल्याशिवाय जाळायचं कुठे ते कळत नाही. हृदय ढिम्म. अर्धा तास गेला. पडद्यावर सत्तर, एकसारखे, शाळेत तपासणी आल्यावर बसतात तसे हाताची घडी घालून. डॉक्टर मास्कमधून म्हणाले, आता तर व्यवस्थित चाललंय. मला टेबलावरून उठून त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण मांडीत तारा होत्या. मी म्हटलं, आम्ही अशा वेळी लिफ्टवर भार टाकून बघतो. ते म्हणाले, आम्हीही, आणि सलाइनमधून काहीतरी सोडलं. दहा मिनिटांनी कॉलर नसलेल्या माझ्या मानेत ती ओळखीची धडधड आली. आयुष्यात कुणाला बघून इतका आनंद झाला नव्हता. मग छातीत जरा गरम लागलं, धडधड तुटली, आणि त्यांनी कितीही भार टाकला तरी परत आली नाही.

नंतरचे तीन महिने फोनवर. त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ब्रेकने माझी हत्यारांची पिशवी टेबलावर ठेवली. मी एका नव्या इमारतीत गेलो, खाली खड्ड्यात उतरलो. ग्रीसचा वास तसाच होता, वरून उजेडाची पट्टी तशीच. मी मुद्दाम लेसचे बूट घातले होते. वाकलो, लेस सोडली, पुन्हा बांधली, झटकन उठलो.

काही झालं नाही. मी पुन्हा वाकलो.

वरून वॉचमनने डोकावून विचारलं, काय शोधताय साहेब, काही बिघाड आहे का?

मी म्हटलं, आत्ता तर नाही. आणि भिंतीला पाठ टेकून आणखी दोन मिनिटं थांबलो.